साताऱ्याला वारस होता

साताऱ्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य लहानपणीच कुणीतरी ऐकवतं: ‘अप्पासाहेब महाराजांना मूलबाळ असतं तर राज्य गेलं नसतं.’ राजवाड्यासमोर गप्पा मारणारी वडीलधारी मंडळी ऐकवतात, अजिंक्यताऱ्यावर सहल नेणारे गुरुजी ऐकवतात. पुढे नोकरीसाठी मी सांगलीत आलो, तर तिथे याच वाक्याची दुसरी बाजू भेटली: ‘साताऱ्याला वारस मिळाला नाही, आमच्या पटवर्धनांना मिळाला.’ अलीकडे तर ‘असं झालं असतं तर’ या धर्तीच्या इतिहासाला भलताच भाव आला आहे. थोरल्या शाहू महाराजांचा मुलगा जगला असता तर कारभार पेशव्यांच्या हाती गेलाच नसता, अप्पासाहेबांना मुलगा असता तर सातारा खालसा झाला नसता, अशी मांडणी व्याख्यानांतून ऐकू येते आणि श्रोते हळहळून माना डोलवतात. शंभर वर्षांचा इतिहास एका रिकाम्या पाळण्याला टांगून ठेवलेला असतो.

ही मांडणी मला मान्य नाही. ती अपुरी असती तर भर घालून भागलं असतं. ती चुकीची आहे. साताऱ्याला वारस होता. १८४८ साली तर एक सोडून दोन होते.

आधी घडलं काय ते पाहू. शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी साताऱ्यात वारले. मृत्यूच्या काही तास आधी त्यांनी भोसले कुळातल्या व्यंकटराव या मुलाला विधिपूर्वक दत्तक घेतलं. त्याच्या आधी सहा महिने, ऑक्टोबर १८४७ मध्ये, त्यांचे थोरले बंधू प्रतापसिंह महाराज काशीला कैदेतच वारले होते. त्यांनीही दत्तक घेतला होता. त्यांच्याबरोबर काशीला निघालेले बाळासाहेब सेनापती वाटेतच गेले. त्या सेनापतींचा मुलगा प्रतापसिंहांनी मांडीवर घेतला आणि त्याचं नाव शाहू ठेवलं. म्हणजे १८४८ च्या उन्हाळ्यात छत्रपतींच्या गादीवर हक्क सांगणारी भोसले कुळातलीच दोन मुलं जिवंत होती. दोघांचं दत्तविधान झालेलं होतं. दोघांपैकी खरा हक्क कुणाचा, हा वाद जरूर घालता आला असता. वारसच नव्हता असं म्हणायला मात्र जागा नव्हती.

यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘पण ते औरस नव्हते ना!’

औरसाचा एवढा आग्रह असेल तर १७७७ सालापासून हिशोब मांडावा लागेल. त्या वर्षी साताऱ्याचे रामराजे वारले. त्यांनाही मुलगा नव्हता. वावीच्या भोसल्यांचा विठोजी दत्तक आला आणि धाकटे शाहू महाराज म्हणून गादीवर बसला. प्रतापसिंह आणि अप्पासाहेब हे या दत्तक राजाचे मुलगे. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले, प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले आणि एल्फिन्स्टनने त्यांना साताऱ्याला आणून गादीवर बसवलं. त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या एकाही अधिकाऱ्याने ‘तुमचे वडील दत्तक होते, तेव्हा तुमचा हक्क कच्चा’ असं म्हटलं नाही. तेव्हा मराठा सरदारांना पेशव्यापासून तोडायला छत्रपतींचं नाव हवं होतं. नाव हवं होतं तोवर दत्तकाचा मुलगा चालला. तीस वर्षांनी नाव नको झालं आणि जमीन हवी झाली, तेव्हा दत्तक चालेना.

२५ सप्टेंबर १८१९ च्या तहात राज्य दिलं ते महाराजांना, त्यांच्या पुत्रांना, वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना, पिढ्यानपिढ्या, अशा शब्दांत. ‘पुत्र’ हा शब्द लिहून झाल्यावरही ‘वारस’ आणि ‘उत्तराधिकारी’ वेगळे लिहिले आहेत, हे डोळसपणे वाचलं तरी पुष्कळ आहे. आपल्या धर्मशास्त्रात दत्तक मुलगा दत्तक बापाचा पुत्रच होतो. पिंड तोच देतो, घर तोच चालवतो. मुंबई इलाख्यातली कंपनीची न्यायालयंसुद्धा घरादाराच्या, शेतीवाडीच्या दाव्यांत हेच मानत होती.

आणि ही फक्त आपली बाजू नव्हती. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी अप्पासाहेबांच्या मृत्यूनंतर आठवड्याभरात लेखी मत दिलं: दत्तक मान्य करावा, तहाचा अर्थ तसाच होतो. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर याचंही मत वारसाच्या बाजूचं होतं. क्लार्क गेले, त्यांच्या जागी लॉर्ड फॉकलंड आले, आणि कौन्सिलातल्या विलोबीने उलट बाजू मांडली. ती गव्हर्नर जनरल डलहौसीला पसंत पडली. ३० ऑगस्ट १८४८ च्या त्याच्या टिपणात काय आहे ते ‘वारस नव्हता’ म्हणणाऱ्यांनी एकदा तरी समजून घ्यावं. दत्तविधान खोटं आहे असं तो म्हणत नाही. खाजगी मालमत्ता आणि धर्मकृत्यं या मुलाकडे जायला त्याची हरकत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की राज्याच्या वारशाला सार्वभौम सत्तेची संमती लागते, आणि ती संमती द्यायला आम्ही बांधील नाही. पुढे तो हेही मोकळेपणाने लिहितो की सातारचा मुलूख मुंबई इलाख्यातल्या दोन मोठ्या लष्करी ठाण्यांच्या मध्ये पडतो, आणि मुलूख व महसूल मिळवण्याची अशी न्याय्य संधी सरकारने हातची दवडू नये. जानेवारी १८४९ मध्ये लंडनच्या संचालकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

राज्य घेणाऱ्यानेच कारण लिहून ठेवलं आहे. त्याने जमीन, महसूल आणि लष्करी सोय लिहिली. आणि पावणेदोनशे वर्षांनी आपण म्हणतो, मूल नव्हतं म्हणून गेलं.

आता इंग्लंडचं पाहू, कारण रक्ताच्या वारसाची ही कसोटी तिथून आली असं आपण गृहीत धरतो. तिथेही असा एक पाळणा आहे. २५ नोव्हेंबर ११२० च्या रात्री नॉर्मंडीच्या बार्फ्लरजवळ ‘व्हाइट शिप’ हे जहाज खडकावर आपटून बुडालं आणि पहिल्या हेन्री राजाचा एकुलता औरस मुलगा विल्यम त्यात गेला. हेन्रीला अनौरस मुलं विसाहून जास्त होती, पण ती गादीला चालणार नव्हती. त्याने मुलगी मटिल्डा हिच्यासाठी सरदारांकडून शपथा घेतल्या. ११३५ साली तो मेला आणि शपथ घेतलेला भाचा, बहिणीचा मुलगा स्टीफन, गादीवर जाऊन बसला. जवळजवळ वीस वर्षं यादवी चालली. विल्यम वाचला असता तर काय झालं असतं, यावर इंग्रजी वाचक आजही रमतात.

मला त्या कथेतला शेवट महत्त्वाचा वाटतो, आणि तो फार कमी सांगितला जातो. ११५३ च्या ऑगस्टमध्ये स्टीफनचा थोरला मुलगा युस्टेस वारला. धाकटा औरस मुलगा जिवंत होता, त्याचंही नाव विल्यम. तरीही त्या नोव्हेंबरात विंचेस्टरला तह झाला, त्यात स्टीफनने मटिल्डाच्या मुलाला, हेन्रीला, आपला मानसपुत्र आणि उत्तराधिकारी म्हणून स्वीकारलं. पोटच्या मुलाला जहागिरी देऊन बाजूला केलं. डिसेंबर ११५४ मध्ये हा हेन्री राजा झाला आणि त्याच्या वंशाने १४८५ पर्यंत इंग्लंडवर राज्य केलं. हेन्रीच्या अंगात आजोळकडून राजरक्त होतंच, हे मी लपवत नाही. व्यंकटराव आणि शाहू यांच्या अंगातही भोसल्यांचं रक्त होतंच. फरक इतकाच की विंचेस्टरमध्ये राजा कोण होणार हे ठरवणारे लोक त्याच देशाचे होते. साताऱ्याचं भवितव्य कलकत्त्यात आणि लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर, कंपनीच्या कचेरीत ठरलं.

आता वादासाठी धरून चालू की अप्पासाहेबांना १८४० साली मुलगा झाला असता. राज्य वाचलं असतं का?

साताऱ्याचाच इतिहास बघा. प्रतापसिंह महाराजांचा हक्क १८३९ साली कुणी नाकारला होता? गादीवर जन्मसिद्ध हक्काने बसलेला, सेहेचाळीस वर्षांचा, धडधाकट राजा होता. साताऱ्याला पाणी आणणारा, महाबळेश्वरचा रस्ता करणारा, स्वतःची रोजनिशी ठेवणारा. त्याच्यावर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीच्या पलटणीतले सुभेदार फितवल्याचा आरोप ठेवला. गव्हर्नर कार्नॅक स्वतः साताऱ्याला आला आणि म्हणाला, चूक कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, गादी राहील. महाराजांनी सही केली नाही. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेपर्यंत त्यांना वाड्यातून काढून लिंबला नेलं होतं. तिथून काशी. इथे वारसाचा प्रश्न कुठे होता? राजा जिवंत होता, तोच नको होता.

साताऱ्याबाहेर पाहिलं तर चित्र याहून स्पष्ट आहे. सातारा खालसा झाला त्याच १८४९ साली, मार्च महिन्यात, पंजाब खालसा झाला. तिथे रणजितसिंहांचा मुलगा दुलीपसिंह गादीवर होता; दहा वर्षांचा मुलगा, कंपनीनेच मान्य केलेला. त्याच्याकडून कागदावर सही घेतली. १८५६ साली अवध घेतलं. वाजिद अली शहांना मुलगेच मुलगे होते. तिथे ‘गैरकारभार’ हे कारण काढलं. मूल नसेल तर वारस नाही, मूल असेल तर ते अज्ञान, राजा सज्ञान असेल तर तो फितूर, आणि फितूर नसेल तर कारभार वाईट. अप्पासाहेबांच्या पोटी मुलगा जन्मला असता तर १८४८ साली तो आठ वर्षांचा, म्हणजे जवळजवळ दुलीपसिंहाच्याच वयाचा असता. त्याला वाचवणारी गोष्ट कोणती, ते या मांडणीवाल्यांनी सांगावं.

एक गोष्ट मी मान्य करतो. औरस मुलगा असता तर एप्रिल १८४८ मध्ये डलहौसीच्या हाती आलेलं नेमकं ते निमित्त आलं नसतं. त्याने दुसरं शोधायला वेळ घेतला असता, आणि कदाचित तेवढ्यात १८५७ उजाडलं असतं. ही शक्यता खरी आहे. पण ती मान्य केली की उत्तर आपोआप हाती येतं. ज्या संस्थानांनी १८५८ पर्यंत तग धरला, ती टिकली. त्यानंतर राणीचा जाहीरनामा आला, १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या, आणि दत्तक हा शब्द इंग्रजांना एकाएकी पटू लागला. धर्मशास्त्र बदललं नव्हतं. बंडाने सरकार घाबरलं होतं.

सांगलीकरांना इथे विचारावंसं वाटतं: साताऱ्याला वारस मिळाला नाही आणि तुम्हाला मिळाला, हे खरंच तसं आहे? सांगली संस्थान मुळात वारसाच्या भांडणातून जन्मलं. मिरजेच्या गोविंद हरी पटवर्धनांची जहागीर १७८२ नंतर लहानग्या चिंतामणरावांकडे आली आणि कारभार चुलते गंगाधररावांकडे गेला. पुतण्या वयात आला तरी चुलता मिरजेचा किल्ला सोडीना. शेवटी मिरज चुलत्याकडे राहिली आणि चिंतामणराव अप्पासाहेब कृष्णाकाठच्या सांगलीत आले. गणेशदुर्ग आणि गणपतीचं देऊळ त्यांचं. त्यांचे चिरंजीव धुंडिराजराव तात्यासाहेब यांनी पन्नास वर्षं संस्थान सांभाळलं आणि १९०१ साली ते गेले, तेव्हा त्यांच्यामागे मुलगा नव्हता. अगदी साताऱ्यासारखीच अवस्था. पण तेव्हा मुंबई सरकारने खालसा हा शब्दही काढला नाही. १९०३ साली पटवर्धनांच्याच कुळातला तेरा वर्षांचा मुलगा निवडून गादीवर बसवला. ते दुसरे चिंतामणराव अप्पासाहेब. विलिंग्डन कॉलेज आणि आयर्विन पूल त्यांच्या काळातले.

याच पटवर्धनांची तासगावची शाखा मात्र १८४८ सालीच खालसा झाली होती. परशुरामभाऊंचं तासगाव, गोपुराच्या गणपतीचं तासगाव, सांगलीपासून एसटीने तासाभराच्या आतलं. एकच कुळ, एकच धर्मशास्त्र. १८४८ साली तासगाव गेलं आणि १९०३ साली सांगली राहिली. मधल्या पंचावन्न वर्षांत पटवर्धनांच्या रक्तात काही बदललं नव्हतं.

कोल्हापूरची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे, पण या वादात ती कुणी आणत नाही. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. जन्माने भोसलेसुद्धा नाहीत. राजर्षी शाहू महाराज ते हेच. डलहौसीचा नियम कोल्हापूरला लागला असता तर २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघालाच नसता. ‘असं झालं असतं तर’ हा खेळ खेळायचाच असेल तर तो इथे खेळावा. दत्तकाला राज्य देऊन काय मिळतं, याचा पुरावा साताऱ्याच्या दक्षिणेला सव्वाशे किलोमीटरवर उभा आहे.

थोरल्या शाहू महाराजांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तिथली चूक उघड आहे. १५ डिसेंबर १७४९ ला ते गेले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता, म्हणून सत्ता पेशव्यांकडे गेली, असं सांगतात. सत्ता तिकडे जायला तीस वर्षांपूर्वीच सुरुवात झाली होती. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले, १७२० मध्ये एकोणीस वर्षांच्या बाजीरावांना पेशवेपद मिळालं, १७३१ मध्ये डभईला त्यांच्याशी लढताना सेनापती दाभाडे पडले. फौज आणि पैसा ज्याच्याकडे, कारभार त्याच्याकडे, हे शाहू महाराज हयात असतानाच ठरलं होतं. गादीवर औरस मुलगा बसला असता तरी कारभार पेशव्यांच्या हाती देणारा १७५० चा सांगोल्याचा करार या ना त्या रूपात झालाच असता.

आणि औरस मुलांनी घर एक ठेवलं असतं हा समज कुठून आला? १६८० मध्ये शिवाजी महाराजांमागे दोन औरस मुलगे होते. रायगडावर काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १७०७ मध्ये शाहू आणि ताराबाई खेडला समोरासमोर आले, दोन्हीकडे औरस हक्क. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैद झाले आणि राजसबाईंचा संभाजी गादीवर आला. साताऱ्याचं आणि कोल्हापूरचं राज्य वेगळं झालं ते पाळणे रिकामे होते म्हणून नव्हे. पाळणे भरलेले होते.

आता या वादाचा मला सगळ्यात जास्त लागलेला भाग. ‘मूल असतं तर’ हे वाक्य ऐकायला हळवं आहे, पण त्याच्या पोटात एक आरोप आहे, आणि तो राण्यांवर आहे. कंपनीने तह मोडला, गव्हर्नराचं मत डावललं, लष्करी सोयीसाठी राज्य घेतलं. हे सगळं पुसलं जातं आणि मागे उरते कूस न उजवलेली राणी. हा आरोप आमच्या दोन जिल्ह्यांत निरुपद्रवी नाही. याच सातारा जिल्ह्यात मुलगी नको म्हणून मुलींना ‘नकुसा’ हे नाव ठेवलं जायचं. ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींना नवी नावं देण्याचा कार्यक्रम करावा लागला. सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला, मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. पोटचा मुलगा नसेल तर घर बुडतं, राज्यसुद्धा बुडतं, हे ज्या समाजाला इतिहास म्हणून शिकवलं जातं, तिथे घरातल्या सुनेला काय ऐकावं लागत असेल? वंश चालवायचे अनेक मार्ग आपल्या परंपरेत होते, राजघराण्यांनी ते उजळ माथ्याने वापरले, आणि आपण त्याच राजघराण्यांच्या नावाने ते मार्ग कमअस्सल ठरवतो आहोत. शाळेत, व्याख्यानात, घरात हे वाक्य म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवतो. पुढेही थांबवीन.

प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये राहिले. आधी प्रतापसिंहांसाठी झगडले, त्यांच्या मृत्यूनंतर गादीच्या हक्कासाठी. कर्ज झालं, थंडी सोसली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांतून साताऱ्याची कैफियत मांडली गेली. ते हात हलवत परत आले. चार वर्षांनी छत्रपतींच्या घराण्याला गादी परत मिळावी म्हणून साताऱ्यात कट झाला, तो फुटला, रंगो बापूजी निसटले ते कायमचे. त्यांचा मुलगा सीताराम याला पकडून फासावर चढवलं. सप्टेंबर १८५७ मध्ये गेंडामाळावर एकूण सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळी, कुणाला तोफेच्या तोंडी.

त्याच्या आधी महिनाभर, ऑगस्टमध्ये, सरकारने आणखी एक काम उरकलं होतं. साताऱ्याच्या राण्या आणि दत्तक मुलं यांना पहाऱ्यात वाड्यातून हलवलं, आधी मुंबईजवळच्या बेटावर ठेवलं आणि मग कराचीला पाठवलं. साताऱ्याला वारस नाही असं आठ वर्षांपूर्वी कागदावर लिहिणाऱ्या सरकारला, त्या वारसांना साताऱ्यातून बाहेर काढल्याशिवाय झोप लागत नव्हती.